महाविद्यालयातील नावे आणि सैन्यभरती

वाशी, नेरूळ, ऐरोली, खारघर येथील महाविद्यालयांत आपली मुले प्रवेश घेतात तेव्हा जन्मतारीख, पत्ता, मोबाइल क्रमांक, धर्म, जात असे सर्व काही लिहून देतात. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. त्या सवलतीसाठी धर्म बदलूनही पूर्वीची जात दाखल्यावर ठेवावी लागते. तेव्हा हा कागद कोणाच्या हाती जावा, ही काळजी आपल्या घराला इतरांहून अधिक असणार.

भरती अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांची यादी मागितली तर महाविद्यालयाने ती द्यावी काय? अमेरिकेत 1996 च्या सॉलोमन दुरुस्तीने अशी यादी नाकारणाऱ्या विद्यापीठाचे केंद्रीय अनुदान धोक्यात येते. आपल्याकडे महाविद्यालयांवर अशी सरसकट सक्ती नाही. अग्निवीर होऊ इच्छिणारा तरुण स्वतः नोंदणी करतो. चिनी आक्रमणानंतर सक्तीची झालेली एन.सी.सी.देखील 1968 पासून ऐच्छिक आहे.

आम्ही सैन्याविरुद्ध लिहीत आहोत, असा अर्थ कोणी काढू नये. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून आपल्या पूर्वजांनी अर्जविनंत्या केल्या, आणि 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांनी लष्कराचे दार ठोठावले त्यांच्या नातवंडांना भरतीचे वावडे असेल कसे? परंतु आपल्या पायांनी भरती कार्यालयात जाणे वेगळे आणि नकळत यादीत जाणे वेगळे. शिवाय यादी एकदा बाहेर पडली की ती 'नोकरी लावून देतो' म्हणणाऱ्या दलालांपर्यंत पोचण्यास वेळ लागत नाही.

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहितीचा 2023 चा अधिनियम आला. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच संमती, हे त्यातील तत्त्व. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत संमती आईवडिलांची लागते. अग्निवीर भरतीचे किमान वय साडेसतरा आहे, हे ध्यानात घ्यावे. राष्ट्रीय सुरक्षेसाठी आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळण्याचा अधिकार केंद्र सरकारने राखून ठेवला आहे. आमच्या मते ही सूट फारच मोकळी आहे. तरी ती त्या यंत्रणांपुरती आहे, महाविद्यालयाला ती आपोआप मिळत नाही.

प्रवेश अर्जाच्या तळाशी 'माहिती इतर संस्थांस देण्यास हरकत नाही' असे छापलेले असते काय, हे सही करण्यापूर्वी पाहावे. असल्यास ती ओळ खोडून शेजारी सही करावी, आणि पोच घेतलेली एक प्रत घरी जपून ठेवावी.