वंशाचा दिवा, व्हर्जन १.०

शुक्रवारी रात्री साडेदहाला तुम्ही काय करता? पबमध्ये असाल, ओटीटीवर काय बघायचं हे ठरवण्यात तासभर घालवत असाल, किंवा सोमवारच्या प्रेझेंटेशनवर शेवटचा हात फिरवत असाल. मी पुण्यातल्या वन बीएचकेच्या बेडरूममध्ये हेडफोन लावून शेळ्या शोधत असतो. मेंढ्याही चालतात. त्याच वेळी चुडाव्यात माझा चुलतभाऊ, आमचा दादा, असाच मेंढ्या शोधत असतो. त्याच्या गोठ्यातल्या खऱ्या जनावरांची वैरण तोवर झालेली असते, त्यामुळे स्क्रीनवरच्या मेंढ्यांसाठी तो मोकळा असतो.

चुडावा कुठे, हा प्रश्न अपेक्षित आहे. परभणी जिल्हा, पूर्णा तालुका. पूर्ण्याहून नांदेडला पॅसेंजरने निघालात की लागतं. तुम्ही मोबाइलमधून मान वर केली तर स्टेशनची पाटी दिसेल, नाही केली तर लिंबगाव आलेलं असेल. अकरावी-बारावीला मी त्याच गाडीने नांदेडला क्लासला जायचो. दादा तेव्हा कॉलेजात. त्याने मला नांदेडच्या एका सायबर कॅफेत नेलं, तासाला वीस रुपये भरले आणि ‘एज ऑफ एम्पायर्स टू’ दाखवला. सीडी कोणाची, कुठून आली, हे विचारू नका. त्या काळात ते कोणीच विचारत नसे.

आम्ही आठ जण होतो. चार विरुद्ध चार. साल २००३-०४, मराठवाड्यात भारनियमन असं की तुमचे हत्ती शत्रूच्या किल्ल्याला धडका मारताहेत आणि फट्! सगळं काळं. यूपीएस फक्त काउंटरवरच्या कॉम्प्युटरला. कॅफेवाले काका म्हणायचे, ‘‘लाईट गेली ती एमएसईबीची, पैसे माझे.’’ त्या वर्षात किती साम्राज्यं अशी अंधारात बुडाली, त्याला गणती नाही.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याला म्हणतात रिअल टाइम स्ट्रॅटेजी, आरटीएस. बुद्धिबळासारखी तुझी खेळी-माझी खेळी नाही, दोघांचंही घड्याळ एकाच वेळी पळतं. लाकूड तोडायचं, शेत लावायचं, सोनं खणायचं, घरं बांधायची, त्यातून सैन्य उभं करायचं आणि हे सगळं चालू असताना समोरचा तुमच्या कुंपणाला कुठे भोक पाडतोय तेही बघायचं. थोडक्यात, क्वार्टर एंडचं ऑफिस. फरक एवढाच की इथे टीममधला कोणी सिक लीव्हवर जात नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारच्या सुरुवातीला हा प्रकार राजा होता. १९९७ ला पहिला ‘एज ऑफ एम्पायर्स’, १९९८ ला ‘स्टारक्राफ्ट’, १९९९ ला आमचा लाडका ‘एज टू’, २००२ ला ‘वॉरक्राफ्ट थ्री’. दक्षिण कोरियात तर ‘स्टारक्राफ्ट’चे सामने टीव्हीवर लागायचे. तिथले खेळाडू मिनिटाला तीन-तीनशे क्लिक करायचे. आपण एक्सेलमध्ये दिवसभरात तेवढे करत असू.

मग गाडी घसरली, आणि मजा म्हणजे ती घसरवली ती घरच्याच माणसांनी. ‘वॉरक्राफ्ट थ्री’मध्ये नकाशे बनवायची सोय होती. हौशी पोरांनी त्यातून ‘डोटा’ नावाचा प्रकार काढला. त्यात घरं बांधायची नाहीत, शेतं लावायची नाहीत, एकच हिरो सांभाळायचा आणि पाच जणांनी मिळून लढायचं. २००९ ला ‘लीग ऑफ लेजंड्स’ आला आणि पब्लिक तिकडे गेलं. का गेलं, याचं माझं उत्तर आहे ते असं. पाच जणांच्या खेळात हरलो तर बाकीच्या चौघांना शिव्या घालता येतात. आरटीएसमध्ये समोरासमोर हरलो की दोष द्यायला घरात फक्त आरसा उरतो. दिवसभर बॉसचं ऐकून आलेल्या माणसाला रात्री आरशाचं ऐकायचं नसतं.

त्याच २००९ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’ बनवणारा ‘एन्सेंबल’ स्टुडिओ बंद झाला. २०१० ला ‘स्टारक्राफ्ट टू’ आला, पहिल्या दोन दिवसांत पंधरा लाख प्रती खपल्या, आणि सगळ्यांना वाटलं, चला, बरे दिवस आले! पण त्यानंतर जे आलं ते तुरळक. आमचा आठ जणांचा ग्रुपही तसाच तुरळक होत गेला. एक जण दुबईला, एक बंगलोरला, एकाला जुळ्या मुली झाल्या (तो आपोआप रिटायर झाला), दोघांना बुलेट आवडायला लागली, एकाचं उत्तरच येईना. उरलो दोघे. मी पुण्यात आणि दादा गावात, कारण काका गेल्यावर शेती बघायला कोणीतरी हवंच होतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही कुठल्याही आरटीएसवाल्याला विचारा, तो एका नावावर बोट ठेवेल. ‘‘हा गेम चालला की जॉनर वाचला.’’ हा गेम दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, वाक्य तेच राहतं. २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘डॉन ऑफ वॉर थ्री’ होता. वर्ष होण्याआधीच कंपनीने त्यात नवं काही घालणं थांबवलं. मग २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स फोर’. तो बरा चालला, स्टीमवर एका वेळी सत्तर हजारांवर लोक होते. पण ‘बरा चालला’ने भक्तांचं समाधान होत नाही, त्यांना अवतार हवा असतो. २०२४ च्या मे महिन्यात ‘होमवर्ल्ड थ्री’, लोक नाराज.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे ‘स्टॉर्मगेट’.

ही कहाणी ऐकण्यासारखी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ब्लिझार्ड’ने जाहीर केलं की ‘स्टारक्राफ्ट टू’साठी आता विकत घ्यायचं नवं काही येणार नाही. त्याच महिन्यात तिथून बाहेर पडलेल्या अनुभवी मंडळींनी ‘फ्रॉस्ट जायंट’ नावाची कंपनी जाहीर केली आणि आपण आरटीएसच करणार म्हणून सांगितलं. वारस ठरला! पुढे गुंतवणूकदारांकडून साधारण साडेतीन कोटी डॉलर आले. वर चाहत्यांकडून किकस्टार्टरवर एक लाख डॉलर मागितले, तर मिळाले तेवीस लाखांहून जास्त. एखाद्या घरात चार मुलींनंतर मुलगा व्हावा आणि बारशालाच त्याच्या डोक्यावर कर्जफेड, बहिणींची लग्नं आणि घराण्याचं नाव ठेवावं, तसं झालं. वंशाचा दिवा!

दादाने तर कहर केला. त्याच्या लॅपटॉपवर तो गेम सुरू व्हायचीसुद्धा शक्यता नव्हती. पण त्याने आमच्या मेलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वर्षानंतर पहिला मेसेज टाकला, ‘‘स्टॉर्मगेट यायलाय. फुकट खेळता येईल म्हनायलेत. सगळे या बे परत.’’ दोन अंगठे आले. मला फोन करून म्हणाला, ‘‘हे चाललं ना, तर पोरं परत येतेत बघ. जुन्यासाठी कोन येतंय? नवं असलं की येतेत.’’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की तो जॉनरबद्दल बोलतच नव्हता.

पण एका रिलीजवर सगळा डाव लावायचं जे वेड आहे, त्यामागे नुसती भावना नसते, गणितही असतं. पहिलं म्हणजे असा गेम करायला चार-पाच वर्षं लागतात आणि पैसा धो धो लागतो. पैसेवाला पुढचा निर्णय घेताना मागच्या गेमची विक्री बघतो. वर्षाला शंभर नेमबाजीचे गेम येत असतील तर एक पडला काय, दहा पडले काय. इथे मोठा असा कधीतरी एखादा येतो, त्यामुळे तो पडला की निकाल एका गेमवर लागत नाही, सबंध जातीवर लागतो. दुसरं गणित अजून वाईट. ऑनलाइन खेळाला माणसं लागतात. आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी मिळायला रांगेत पुरेसे लोक हवेत. लोक कमी झाले की वाट बघावी लागते, वाट बघावी लागली की लोक अजून कमी होतात. गावातली शाळा अशीच बंद पडते. पट कमी म्हणून मास्तर कमी, मास्तर कमी म्हणून पट कमी. म्हणून चाहते ओरडून ओरडून सगळ्यांना पहिल्याच दिवशी आणायला बघतात.

आपल्याला हे नवीन नाही म्हणा. २००४ आठवतंय? ‘श्वास’ला सुवर्णकमळ मिळालं, ‘श्यामची आई’नंतर मराठीला पहिल्यांदाच. मग तो ऑस्करसाठी भारताचा सिनेमा झाला आणि अमेरिकेतल्या प्रचाराच्या खर्चासाठी शाळेतल्या पोरांनीसुद्धा पैसे जमवले. मराठी सिनेमा वाचणार की नाही, हे जणू त्या एका आजोबा-नातवावर होतं. ऑस्करच्या शेवटच्या पाचात तो गेला नाही. पण मराठी सिनेमा संपला नाही, त्याच्या पाठोपाठ इतरांनी सिनेमे केले म्हणून. एकटा ‘श्वास’ ते ओझं वाहूच शकला नसता आणि त्याने वाहावं अशी अपेक्षा करणं त्या सिनेमावरही अन्यायच होता.

‘स्टॉर्मगेट’ला मात्र ओझं झेपलं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अर्धवट अवस्थेत तो सगळ्यांसाठी खुला झाला, तेव्हा स्टीमवर एका वेळचा सर्वांत मोठा आकडा पाच हजारांच्याही आत राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये पूर्ण गेम म्हणून १.० आला, तर हजार गाठताना दमछाक. त्याच वेळी १९९९ चा आमचा ‘एज टू’, जो २०१९ ला नवे कपडे घालून परत आला, तो रोज वीस हजारांवर माणसं खेचत होता.

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त बोलकी वाटते. नव्या आरटीएसचा शत्रू ‘लीग ऑफ लेजंड्स’ नाही आणि मोबाइलही नाही. त्याचा शत्रू म्हणजे जुना आरटीएस. पंचवीस वर्षं घासून घासून गुळगुळीत झालेला, हाताला बसलेला, स्वस्तात मिळणारा. शिवाय त्यात अजून भर पडतेच आहे. २०२२ च्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’मध्ये बंगाली, द्रविड आणि गुर्जर आले. (मराठे नाहीत. मराठे हवे असतील तर २००९ चा ‘एम्पायर: टोटल वॉर’ काढा, पण तो निम्मा पाळीपाळीने खेळायचा, दादाला धीर नाही.) वंशाच्या दिव्याची वाट बघणाऱ्या घरात आजोबाच अजून रोज शेतावर जाताहेत, आणि सगळे म्हणताहेत, आता या घराचं कसं होणार!

दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाला हे ऐकवलं. आम्ही बांधावर बसलो होतो. मी जरा शहाणपणानेच विचारलं, ‘‘पहिल्या सरीवर सोयाबीन पेरतोस का तू?’’

‘‘येडा हाय का? पंच्याहत्तर-शंभर मिलिमीटर झाल्याबिगर पेरायचं नसतंय. कृषी विद्यापीठवाले दरसाल सांगतेत. दुबार पेरनी कोन करील?’’

‘‘मग एका गेमवर कशी पेरणी केलीस?’’

तो बराच वेळ ढेकूळ फोडत बसला. मग म्हणाला, ‘‘आरं, पाऊस पुढं येनारच हाय हे माहीत असतं तर थांबतो मानूस. येनारच न्हाई असं वाटलं, तर पहिल्याच सरीवर पेरतो.’’

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. कॉर्पोरेटमध्ये पंधरा वर्षं काढूनही नव्हतं.

एप्रिल २०२५ मध्ये ‘टेम्पेस्ट रायझिंग’ आला होता, जुन्या ‘कमांड अँड कॉन्कर’च्या वळणाचा. लोकांना आवडला. कोणी त्याच्यावर फार भार टाकला नव्हता, म्हणूनही असेल. पुढे ऑगस्टमध्ये ‘डॉन ऑफ वॉर फोर’ची घोषणा झाली, २०२६ चं साल सांगून. दादाला अर्थातच माझ्या आधी माहीत होतं. ‘‘हे चाललं ना...’’ त्याने सुरुवात केली आणि मी हात जोडले.

पुण्याला परत आलो. शुक्रवारी रात्री साडेदहाला बसलो. दादा म्हणाला, पाच मिनिटं थांब, एक जण येतोय. मला वाटलं दुबईवाला. नाही. शेजारच्या वाड्यातला, आठवीतला पोरगा, दादाचा भाऊकीतला पुतण्या. दादाचा जुना कॉम्प्युटर त्याला दिलेला. मेंढ्या कशा हाकायच्या एवढंच येत होतं त्याला. ‘‘काका, मी कोनाकडनं?’’ त्याने हेडफोनमध्ये विचारलं.

‘‘माझ्याकडनं,’’ दादा म्हणाला. ‘‘पुन्याच्याला हानायचंय.’’

दोघांनी मिळून पस्तीस मिनिटांत माझा किल्ला पाडला. ‘एज टू’मध्ये ११ टाइप केलं की एक खदाखदा हसणं ऐकू येतं, जुन्या खेळाडूंना माहीत असेल. रात्री साडेअकराला त्या मेलेल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दादाचा मेसेज आला. फक्त ‘११’.

सकाळी उठलो तर दुबईहून एकाने विचारलं होतं, ‘‘कोण हरलं बे?’’