सेराफिनची झाडे आणि सेराफिन

१९१२ साली विल्हेल्म ऊडे हे जर्मन कलासमीक्षक पॅरिसच्या उत्तरेकडील सांलीस या लहानशा गावी राहावयास आले. पिकासोची चित्रे त्यास फारसे कोणी ओळखत नव्हते तेव्हाच विकत घेणारा हा पारखी माणूस. शेजाऱ्याच्या घरी फळांचे एक चित्र पाहून ते थक्क झाले. चित्रकाराची चौकशी करता कळले, की स्वतःच्याच घरी केरवारा करावयास येणाऱ्या बाईचे ते काम!

ही बाई म्हणजे सेराफिन लुई. १८६४ चा जन्म, बालपणीच आईबाप गेलेले. प्रथम गुरे राखली, मग मठात मोलमजुरी, पुढे लोकांच्या घरची धुणीभांडी. रात्री मेणबत्तीच्या उजेडात ती रंगवीत बसे. दारेखिडक्यांना लावावयाचा रिपोलिन रंग ती कशाकशात कालवी, हे तिने कोणास सांगितले नाही. चित्र काढण्याची आज्ञा आपणास स्वर्गातून झाली, अशी तिची श्रद्धा होती. तिच्या झाडांची पाने कधी पिसांसारखी दिसतात, कधी डोळ्यांसारखी आपल्याकडे रोखून पाहतात. समीक्षक अशा कलेस 'भाबडी' म्हणतात. आम्हांस हा शब्द मान्य नाही. दळता-कांडता अभंग रचणाऱ्या जनाबाईस भाबडी म्हणण्याचे धाष्टर्य कोणी करील काय?

१९१४ च्या महायुद्धात ऊडे यांस फ्रान्स सोडावे लागले, त्यांचा संग्रह जप्त झाला. १९२७ साली सांलीसच्या एका प्रदर्शनात सेराफिनची चित्रे त्यांनी पुन्हा पाहिली आणि तिला पैसा व मोठे कॅनव्हास पुरविण्यास आरंभ केला. दोन मीटर उंचीची चित्रे तिने याच काळात रंगविली. मात्र जागतिक मंदी येताच १९३० मध्ये ऊडे यांनी खरेदी थांबविली. तिचे मन ढळत गेले. १९३२ साली क्लेरमाँच्या मनोरुग्णालयात तिची रवानगी झाली. तिथे तिने कुंचला हाती धरला नाही.

आमचा आक्षेप आहे तो यापुढील गोष्टीस. १९३७-३८ साली तिची चित्रे पॅरिसपासून न्यूयॉर्कपर्यंत मिरविली गेली, तेव्हा ती जिवंत होती. ऊडे यांनी तर तिच्या मृत्यूचे साल १९३४ असे नमूद केले. ते स्वतः पुढे नाझींच्या भयाने लपून राहिलेले. त्यांना दुष्ट ठरविणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याने तिला जगापुढे आणले, त्यानेच ती हयात आहे की नाही याची खातरजमा करू नये, हे आमच्या मते मंदीच्या माथी मारता येणार नाही. चित्रे सांभाळली गेली. ती रंगविणारा हात मात्र कोणासही आपली जबाबदारी वाटला नाही.

जर्मन अंमलाखालील फ्रान्सच्या मनोरुग्णालयांत ४० हजारांहून अधिक रुग्ण उपासमारीने व हेळसांडीने दगावले. त्याच काळात, ११ डिसेंबर १९४२ रोजी, सेराफिनचा अंत झाला. २००८ साली तिच्यावर चित्रपट निघाला, त्यास सात सेझार पारितोषिके लाभली. सांलीसच्या संग्रहालयात तिची झाडे आज मानाने टांगलेली आहेत. तिला स्वतःला मात्र पुरले ते बेवारशांच्या सामाईक खड्ड्यात.