किल्लीआधी कागद

कामरेजजवळ तापी ओलांडणाऱ्या महामार्गावरून आमचे कित्येक व्यापारी बंधू सहकुटुंब प्रवास करितात. चारही चाकांना इंजिनाची गती देणारी जुनी मोटार घेताना चारही टायर सारखेच झिजले आहेत ना, हे प्रथम पाहावे. विषम टायरांनी यंत्रणेवर ताण येतो. असा दोष विकणाऱ्याने आपण होऊन सांगावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

किल्ली दिली म्हणजे व्यवहार संपला, हा समज घातक होय. सरकारी नोंदीत ज्याचे नाव, त्याच्यावरच अपघाताच्या भरपाईचे दायित्व राहते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. म्हणून हस्तांतराचे २९ व ३० क्रमांकांचे नमुने भरूनच किल्ली द्यावी. दोष झाकून मिळविलेला नफा अब्रूच्या खाती तोटाच होय.