दिव्याची काजळी आणि आपली नोंदवही

विजेच्या दिव्याची काच आतून काळी का पडते, याचा शोध एडिसन घेत होता. दिवा अधिक काळ टिकावा, एवढाच त्याचा हेतू. त्या खटाटोपात १८८३ साली त्याने नोंदविले की, तापलेल्या तारेपासून निर्वात जागेतूनही वीज शेजारच्या धातूच्या पट्टीकडे वाहते. दिव्याला याचा उपयोग झाला नाही. परंतु नोंद राहिली. तिच्याच आधारे फ्लेमिंगने १९०४ साली निर्वात नळी घडविली व पुढे अशा नळ्यांवर रेडिओ चालू लागला. १९५६ साली पुणे आकाशवाणी केंद्राने पाच जिल्ह्यांतील अनेक गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे चालविली, ती याच रेडिओच्या बळावर.

प्रात्यक्षिकाच्या शेतात आपण बहुधा उताराच मोजतो. एखाद्या सरीत कीड कमी का पडली, एखादा वाफा उशिरा का सुकला, हेही तारखेनिशी लिहिले पाहिजे. न लिहिलेले निरीक्षण पुढील हंगामापर्यंत विसरले जाते आणि त्यापासून होणाऱ्या लाभास गाव मुकतो. म्हणून कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूभगिनींनी येत्या हंगामापासून नोंदवहीत ‘अनपेक्षित’ असा एक रकाना अवश्य राखावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.