थांब म्हटलं की थांबवत का नाही?



"आधी गणितं, मग खेळ!" असं आईनं म्हटलं की तुमची चुळबुळ सुरू होते ना? मग धीर येतो तरी कुठून? आज त्याचीच गोष्ट.

आपल्या शरीरात सिरोटोनिन नावाचं रसायन असतं. १९४८ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते रक्तातून वेगळं काढलं. गंमत म्हणजे, त्यातलं बहुतेक सिरोटोनिन आतड्यात असतं! मेंदूतलं सिरोटोनिन बनवणाऱ्या पेशी मेंदूच्या देठाजवळ असतात. संख्येनं थोड्या, पण त्यांचे धागे मेंदूभर पसरलेले.

या पेशी करतात काय? जपानमधल्या ओकिनावा बेटावरच्या शास्त्रज्ञांनी उंदरांना एक खेळ शिकवला. भोकात नाक घालायचं आणि काही सेकंद तसंच थांबायचं. दम धरला तर खाऊची गोळी. आधीच नाक काढलं तर गोळी नाही! या उंदरांच्या सिरोटोनिनच्या पेशी निळा प्रकाश पडला की जाग्या होतील, अशी सोय केलेली होती. २०१४ साली त्यांना दिसलं, की प्रकाश पडल्यावर उंदीर जास्त वेळ थांबतात.

म्हणजे सिरोटोनिन हे धीराचं औषधच की! नाही, इतकं सोपं नाही बरं का. २०१८ साली त्यांनी खेळ थोडा बदलला. दम धरला तरी गोळी दर वेळी मिळेलच असं नाही. चारांपैकी तीनदा गोळी मिळत होती, तेव्हा प्रकाशानं उंदरांचा धीर वाढला. पण दोनदाच किंवा एकदाच मिळू लागली, तेव्हा त्याच प्रकाशानं धीर काही वाढला नाही!

म्हणजे नुसतं रसायन पुरत नाही, भरवसाही लागतो. आणि भरवसा शिकायचा तो अनुभवातूनच.

माणूस म्हणजे काही उंदीर नव्हे. तरी पुढचं वाक्य आईबाबांना मोठ्यानं वाचून दाखवा: "अभ्यास झाला की बागेत नेतो, असं म्हटलंत, तर न्याच!"

हसू नका, तुमचीही पाळी आहे. "दहा मिनिटांनी तुला बॅट देतो," असं धाकट्या भावाला सांगून किती वेळा दिलीत? चारांपैकी तीनदा, की एकदाच? तो लगेच रडायला लागतो, त्याचं कारण कदाचित इथंच सापडेल. आठवडाभर शब्द पाळून बघा!