संवत्सरफल ऐकावे, धान मात्र चक्रावर ठेवू नये

आज चैत्र शुद्ध प्रतिपदा. गुढी उभारून झाली, कडुनिंबाचा प्रसाद मुखात पडला, की घरातील वडील मंडळी नव्या पंचांगाची पूजा करून संवत्सरफल वाचावयास बसतात. वर्षाचा राजा कोण, मेघाधिपती कोण, मृगाचे वाहन कोणते, हे ऐकताना वडसा-देसाईगंजच्या शेतकऱ्याचे कान साहजिकच पावसाकडे लागतात आणि धानाच्या व्यापाऱ्याचे तेजी-मंदीकडे. पंचांगश्रवण हे पुण्यकर्म होय. प्रस्तुत लेखकाच्या घरी ते आजही श्रद्धेने होते. प्रश्न एवढाच, की त्या फलावर बियाणे आणि साठवणीचे धान पणास लावावे काय?

पर्जन्य जाणण्यासाठी आपल्या पूर्वजांनी केलेला उद्योग थोर आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे सांगितली आणि १९५ दिवसांनी त्यांचा प्रसव होतो, असे लिहिले. त्यासाठी वारा, ढग, विजा पाहाव्या लागत. आकाशाकडे डोळे लावून बसावे लागे. पुढे गणित सोपे झाले आणि डोळे खाली आले. सप्तनाडी चक्रात अभिजितासह अठ्ठावीस नक्षत्रे चंडा, वाता, दहना, सौम्या, नीरा, जला व अमृता या सात नाड्यांत चार-चार वाटून दिलेली आहेत. पहिल्या तीन वाऱ्या-उन्हाच्या, शेवटच्या तीन पावसाच्या. वाहनाचे गणित तर याहून सुटसुटीत. सूर्य नव्या नक्षत्रात शिरला, की तेथून त्या दिवसाच्या चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावे व नवाने भागावे. बाकी दोन उरली तर कोल्हा, तीन उरली तर बेडूक, काहीच न उरले तर हत्ती. या मोजणीत गावाचे नाव कोठेही येत नाही! रत्नागिरीस जो कोल्हा, तोच माणदेशास आणि तोच आमच्या झाडीपट्टीस. या तिन्ही ठिकाणी सारखा पाऊस कोणी पाहिला आहे?

वडशाचे पाणी तर वडशाच्या आकाशावरही अवलंबून नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. सूर्य तेव्हा मघा नक्षत्र सोडून पूर्वेत शिरत होता. मध्य प्रदेशात नदीच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला, गोसीखुर्द धरणाची दारे उघडावी लागली आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी-वडशापर्यंतचा नदीकाठ पाण्याखाली गेला. आमच्या बांधीत बुडालेले धान सिवनीकडच्या मेघांनी बुडविले. ते कोणत्या नाडीत शोधावे?

तेजी-मंदीसाठी व्यापारी ज्या सर्वतोभद्र चक्राकडे पाहतात, त्याची कथा अधिक उद्बोधक आहे. नऊ गुणिले नऊ, अशी एक्याऐंशी घरे. त्यांत नक्षत्रे, स्वर, व्यंजने, राशी व तिथी मांडलेल्या. ग्रहाचा वेध ज्या अक्षरावर पडेल, त्या अक्षराच्या वस्तूचा भाव चढतो वा उतरतो. नरपतिजयचर्या या बाराव्या शतकातील ग्रंथात हे चक्र आहे. ग्रंथाच्या नावावरूनच कळावे, की मुख्य चिंता राजाच्या जयाची होती. असो. आता आपले धान घ्या. आम्ही त्याला धान म्हणतो, पुण्याकडे भात म्हणतात, गिरणीतून निघाले की तांदूळ होतो. 'भ' आणि 'त' यांना चक्रात स्वतःची घरे आहेत. 'ध'ला घर नाही, त्याचा वेध पूर्वाषाढा नक्षत्रावरून घ्यावा लागतो. मग एकाच पिकाला एका नावाने तेजी आणि दुसऱ्या नावाने मंदी यावी काय? शिवाय धानाचा हमीभाव आज केंद्र सरकार ठरविते आणि जिल्ह्यात आदिवासी विकास महामंडळामार्फत खरेदी होते. या गोष्टी चक्राच्या कोणत्याच घरात नाहीत.

लेखकाच्या वडिलांचे एक स्नेही धानाचे व्यापारी होते. एका उन्हाळ्यात चांगला भाव मिळत असताना त्यांनी वेध पाहून पोती राखून ठेवली. आषाढात गोदामाला ओल लागली, धान काळवंडले, व्याज मात्र चढतच राहिले. शेवटी खरेदीहूनही कमी दराने माल काढावा लागला. ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "चक्र खरेच आहे, मोजणी माझीच चुकली." पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा मोजणी केली. या वाक्याचे दुःख आम्हांस आजही वाटते.

वेधशाळाही चुकते, असे कोणी म्हणेल. म्हणावेच. २००२ साली हवामान खात्याने सरासरीच्या १०१ टक्के पाऊस वर्तविला आणि देशात ८१ टक्केच झाला. पण तो आकडा आधी छापलेला होता म्हणून चूक सर्वांसमोर उघडी पडली आणि १९८८ पासून चालत आलेली सोळा घटकांची पद्धत २००३ मध्ये बदलावी लागली. आपल्या पंचांगातील वाहनाची अशी पडताळणी कोणत्या घरात होते?

आमच्या घरी काही वर्षे झाली. वडील संवत्सरफल मोठ्याने वाचीत, पंचांगाला हळदकुंकू वाहत, आणि मग पावसाळाभर त्याच पंचांगाच्या समासात शिसपेन्सिलीने लिहीत असत. ती जुनी पंचांगे देवघरातील फडताळात अद्याप आहेत. एका वर्षी पुनर्वसूसमोर छापले आहे बेडूक, आणि शेजारी वडिलांच्या अक्षरात, 'पऱ्हे वाळले. बोडीचे पाणी फोडले.' दुसऱ्या वर्षी पुष्यासमोर कोल्हा, आणि शेजारी, 'रोवणी पुरी. बांध दोनदा फुटला.' खाली, नेहमीप्रमाणे, 'श्री'.