पडद्यावरचा गालिब आणि पत्रांतला गालिब

१८५७ च्या उठावानंतरच्या उद्ध्वस्त दिल्लीतून मिर्झा गालिबने हातिम अली ‘मेहर’ या मित्राला एक सांत्वनपर पत्र लिहिले. मेहर यांची प्रेयसी निवर्तली होती. तारुण्यात आपलाही एका डोमनीवर, म्हणजे नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रीवर, जीव जडला होता. त्या गोष्टीला चाळीस वर्षे लोटली, तरी तिचे विभ्रम अधूनमधून आठवतात आणि तिचा मृत्यू विसरता येत नाही, अशी कबुली वृद्ध कवीने त्यात दिली आहे. तिचे नाव मात्र त्याने लिहिले नाही.

या निनावी स्त्रीला सोहराब मोदी यांनी १९५४ च्या ‘मिर्झा गालिब’ या चित्रपटात नाव दिले, आणि सुरैयाने आवाज दिला. कथा सआदत हसन मंटोची, संवाद राजेंद्रसिंह बेदींचे. मंटो तोवर लाहोरला निघून गेला होता. फाळणीला अवघी सात वर्षे झाली असताना एका उर्दू कवीवरील या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, ही घटना सामान्य नव्हे. गालिब घरोघरी पोचविण्याचे श्रेय या चित्रपटाला दिलेच पाहिजे.

परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. भारतभूषण यांनी रंगविलेला गालिब हा प्रामुख्याने व्याकूळ प्रेमिक आहे. खऱ्या गालिबने त्याच मेहर यांना आणखी एका पत्रात थट्टेने बजावले होते, की माणसाने साखरेवरची माशी व्हावे, मधातली होऊ नये! साखरेवरची माशी चव घेऊन उडून जाते. मधातली अडकून पडते. दुःख न विसरणारा आणि दुःखाला हसणारा, असे हे दोन गालिब नव्हेत. तो एकच माणूस आहे. त्याची सातही अपत्ये बालपणीच गेली, निवृत्तिवेतनासाठी त्याने कलकत्त्यापर्यंत पायपीट केली आणि त्याची दिल्ली डोळ्यांदेखत उजाड झाली. अशा माणसाचा विनोद हे त्याच्या प्रेमाचे उणेपण नसून त्याच्या सोसण्याचे बळ आहे. आपल्या चित्रसृष्टीला मात्र कवी म्हटला की अश्रूच हवे असतात.

चित्रपटाने इतिहासाच्या मोकळ्या जागा कल्पनेने भराव्यात, याला आक्षेप नाही. पण उपलब्ध असलेला माणूस गाळून टाकण्याचे कारण काय? चित्रपट हे कवीच्या घराचे दार आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना त्या दाराशी थांबू न देता गालिबच्या पत्रांपर्यंत न्यावे. सुरैयाचे सूर तेथे ऐकू येणार नाहीत. पण डोळे पुसता पुसता मित्राला हसविणारा म्हातारा तेथेच भेटेल.